कारागिरांच्या जुन्या हत्यारपेट्या : संकलन, जतन आणि अर्थ
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. २०२३ मध्ये याच दिवशी केंद्र शासनाने ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेचा प्रारंभ केला. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, चर्मकार, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, कर्ज आणि नव्या हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य देण्याची तरतूद या योजनेत आहे. कारागिराच्या हाती चांगले अवजार यावे, त्याचे कष्ट कमी व्हावेत आणि उत्पन्न वाढावे, या हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र घरात नवी पेटी आली म्हणजे जुन्या पेटीचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या कक्षेत येत नाही. त्याचे उत्तर बहुधा भंगाराच्या तराजूवर मिळते. तेथे वाकस, पटाशी आणि सांडशी यांत भेद राहत नाही. सर्वांचे मिळून वजन होते.

प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात कारागिरांच्या जुन्या हत्यारपेट्यांच्या संकलनाचा व जतनाचा विचार केला आहे. हत्यारपेटी ही सुट्या वस्तूंची बेरीज नसून एका कामाची, एका हाताची आणि एका काळाची रचना असते. म्हणून ती पूर्ण स्वरूपात जमवावी, तिच्यावर कमीत कमी संस्कार करावेत आणि तिच्यासोबत कारागिराचे नाव व शब्द जपावेत, ही या लेखाची मुख्य भूमिका आहे.

हत्यारपेटी : संकल्पना व स्वरूप

‘पेटी’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे. प्रत्येक व्यवसायाने आपल्या गरजेनुसार हत्यारे वाहून नेण्याचे साधन घडविले. न्हाव्याची धोकटी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या या पिशवीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि धार लावण्याचे चामडे यांची जागा ठरलेली असे. गावातल्या घरोघरी जाऊन काम करणाऱ्या माणसाला हलके, खांद्याला अडकविता येईल असे साधन हवे होते. सुताराचे काम मुक्कामाचे. घर बांधणीला महिनोन् महिने लागत. त्यामुळे त्याची पेटी लाकडी, झाकणाची व कुलपाची असे. करवत, वाकस, तासणी, रंधा, पटाशी, किंकरे, सामता, गुण्या, ओळंबा आणि कानस ही तिच्यातील प्रमुख हत्यारे. सोनाराच्या पेटीत फुंकणी, मूस, तार ओढण्याचे जंतर, लहान ऐरण, तराजू व गुंजा असत. लोहाराचे भाता, ऐरण व घण पेटीत मावणारे नसत. त्याचे दुकान हीच त्याची पेटी होती. घिसाडी समाजाने तर हे सारे दुकान गाडीवर चढविले आणि गावोगाव नेले.

पेटीचे रूप पाहून व्यवसायाचे स्वरूप कळते. काम घरोघरचे की एका जागी बसून, हंगामी की बारमाही, एकट्याचे की कुटुंबाचे, याचा अंदाज हत्यारे मोजण्यापूर्वीच येतो.

मराठी भाषेत हत्यारांना मोठा मान आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला वा दसऱ्याला कारागीर आपली हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू वाहून पुजतात. त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. वर्षानुवर्षांच्या पूजेने पेटीच्या झाकणावर हळदकुंकवाचे जे थर साचतात, ते अनेकदा मळ समजून खरवडले जातात. जतनाच्या दृष्टीने ते पेटीच्या इतिहासाचेच एक पान असते.

नांदेड–लातूरची पार्श्वभूमी

हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. पूर्वेला तेलंगण आणि दक्षिणेला कर्नाटक यांच्याशी लागून असलेल्या या पट्ट्यात मराठी, दखनी, तेलुगू व कन्नड या भाषांची सतत ये-जा राहिली. त्यामुळे एकाच हत्याराला उदगीर, देगलूर आणि किनवट येथे वेगवेगळी नावे मिळणे स्वाभाविक आहे.

लोखंडाच्या बाबतीत हा प्रदेश विशेष महत्त्वाच्या शेजारात आहे. नांदेडला लागून असलेल्या निर्मल व निजामाबाद भागात, विशेषतः कोनसमुद्रम् येथे, उत्तम प्रतीचे मुशीतील पोलाद तयार होत असे. इराणी व्यापारी त्यासाठी तेथवर येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील निरीक्षकांनी केली आहे. किनवट व माहूर परिसरातील सागवान आणि सर्वत्र आढळणारी बाभूळ यांनी या प्रदेशातील सुतारकामाला लाकूड पुरविले. हत्याराच्या दांड्यासाठी बाभळीचे चिवट लाकूड पसंत केले जाई.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मराठवाड्यातील जनावरांच्या मोठ्या बाजारासाठी ओळखली जाते. अनेक भटक्या जमाती येथे परंपरेने एकत्र येत आल्या आहेत. जेथे बैल विकले जातात तेथे बैलगाडी, नाळ, विळे, कुऱ्हाडी आणि दोरखंड यांचाही व्यवहार होतो. शेती व कारागिरी यांचे नाते समजून घेण्यासाठी अशी यात्रा हे एक खुले संग्रहालयच म्हणावे लागेल.

या प्रदेशाच्या कारागिरीवर मोठा आघात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. किल्लारीच्या भूकंपात औसा व उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा जड मातीचा थर हे प्राणहानीचे प्रमुख कारण ठरले. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, परंतु लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हे नंतरच्या पाहण्यांत दिसून आले. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे सिमेंट-काँक्रीटची होती. ती सुरक्षित असणे हीच त्या वेळची खरी गरज होती. तथापि या बदलाबरोबर माळवदाचे घर बांधणाऱ्या सुताराचे आणि दगड घडविणाऱ्या पाथरवटाचे कामही कमी झाले. ज्या हत्यारांनी तुळया तासल्या, ती हत्यारे घरासोबत ढिगाऱ्याखाली गेली किंवा त्यांना पुढे काम उरले नाही.

हत्यारपेटीचा आणखी एक प्रकार या जिल्ह्यांना रेल्वेने दिला. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमुळे नांदेड विसाव्या शतकाच्या आरंभी मीटरगेजवर आले. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरला पोचला. पहिल्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर, दुसऱ्याचे ७६२ मिलिमीटर. रूळ सांभाळणाऱ्या कामगारांची मापे व साधने त्यानुसार वेगळी होती. नांदेडचा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला आणि लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००८ पर्यंत पूर्ण झाले. आता सर्वत्र १६७६ मिलिमीटरचे अंतर आले आणि जुनी मापे निरुपयोगी ठरली. गाडीबरोबर जाणाऱ्या गार्डच्या ‘लाइन बॉक्स’चीही तीच कथा. हाताने दाखवायचा दिवा, लाल-हिरवी निशाणे, धोक्याची सूचना देणारे डिटोनेटर, प्रथमोपचाराचे साहित्य असे सारे सामावणाऱ्या या लोखंडी पेटीवर मालकाचे नाव रंगविलेले असे. अलीकडे तिची जागा चाकांच्या बॅगा घेत आहेत. गार्ड हे पदनामही २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ असे बदलले गेले.

संकलनाची दृष्टी : काही उदाहरणे

महाराष्ट्रात दैनंदिन वापराच्या वस्तू जमविण्याची परंपरा डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी घालून दिली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, पेट्या, दरवाजे अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या आणि १९७५ मध्ये आपला संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे फलित होय. मराठवाड्यात तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचे कार्य याच जातीचे आहे. आपल्या गावच्या मातीतून निघणाऱ्या पुरावस्तू त्यांनी निष्ठेने जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेर येथे आहे. एका व्यक्तीच्या चिकाटीतून सार्वजनिक ठेवा उभा राहू शकतो, हे या दोन्ही उदाहरणांतून सिद्ध होते.

मात्र घडविलेली वस्तू आणि घडविणारे हत्यार यांत फरक आहे. कोरीव दरवाजा सुंदर असतो म्हणून तो संग्रहात येतो. तो कोरणारी पटाशी झिजलेली, काळवंडलेली असते म्हणून ती बाहेर राहते. हा समज बदलणारे काम गोव्यात झाले. बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या ‘गोवा चित्र’ या संग्रहालयात शेतीची अवजारे व कारागिरांची साधने यांचा चार हजारांहून मोठा संग्रह आहे. त्याचे संस्थापक स्वतः जतनकार असल्याने वस्तू मिळविणे आणि ती टिकविणे ही दोन्ही कामे तेथे एकत्र झाली. कोल्हापूरजवळील कणेरी मठाच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बलुतेदारांचे काम शिल्पांच्या रूपाने दाखविले आहे. तेथे काम करणाऱ्याची मुद्रा, बैठक आणि हत्यार धरण्याची रीत पाहावयास मिळते.

पूर्ण पेटीचे महत्त्व पटवून देणारी दोन उदाहरणे युरोपातील आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मास्टरमिर येथे १९३६ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला ओक लाकडाची पेटी लागली. एकेकाळच्या दलदलीत गाडली गेलेली ही पेटी व्हायकिंग काळातील होती. तिच्यासह दोनशेहून अधिक वस्तू सापडल्या. त्यांत लोहारकामाची व सुतारकामाची हत्यारे एकत्र होती. त्यावरून एकच कारागीर दोन्ही कामे करीत असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांना काढता आला. हीच हत्यारे वेगवेगळ्या ठिकाणी सुटी सापडली असती तर हा निष्कर्ष शक्य नव्हता. इंग्लंडमधील बेंजामिन सीटन याची १७९७ ची पेटी रॉचेस्टरच्या संग्रहालयात आहे. तिच्यासोबत हत्यारांची यादीही टिकून राहिली. त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस सुताराजवळ नेमके काय असे, हे अनुमानाऐवजी पुराव्याने सांगता येते. वस्तूंइतकेच मोल त्यांच्या सहवासाला असते, हा या उदाहरणांचा धडा आहे.

पेटीचे वाचन

हत्यारपेटी हाती आल्यावर ती रिकामी करण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे. वरच्या कप्प्यात काय आहे, तळाशी काय आहे, कोणते हत्यार कापडात गुंडाळले आहे, यावरून रोजच्या वापराचे व क्वचित वापराचे हत्यार ओळखता येते. त्यानंतर प्रत्येक हत्याराच्या झिजेकडे वळावे. पटाशीचे पाते पुनःपुन्हा घासल्याने आखूड होते. उरलेली लांबी ही तिच्या आयुष्याची नोंद असते. रंध्याच्या तळाला पडलेला खळगा, दांड्यावर अंगठ्याने पाडलेली खूण, डाव्या हाताने काम करणाऱ्याची उलट झीज, या गोष्टी कोणत्याही कागदपत्रात सापडत नाहीत. ‘हात बसणे’ हा मराठी वाक्प्रचार येथे लाकडात व लोखंडात प्रत्यक्ष दिसतो.

दुरुस्त्यांनाही असेच महत्त्व आहे. एका पेटीत गावच्या लोहाराने घडविलेली वाकस, शेफील्डचा छाप असलेली कानस आणि पंजाबातील कारखान्यात तयार झालेली पटाशी एकत्र आढळली, तर स्थानिक उत्पादन, वसाहतकालीन आयात आणि स्वातंत्र्योत्तर उद्योग यांचे तीन थर समोर येतात. कानस झिजल्यावर तिचीच पटाशी घडविण्याची रीत सर्वत्र आढळते. जुन्या कानशीचे दाते पात्यावर पुसट दिसत असतील, तर ती काटकसर आणि पोलादाची पारख या दोहोंची साक्ष ठरते.

मापांची साधने विशेष बोलकी असतात. २४ तसूंचा एक गज हे जुने माप सुतार, गवंडी व शिंपी वापरीत. १९५६ च्या मानक वजन-मापे कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने आली. एकाच लाकडी पट्टीच्या एका बाजूस तसू आणि दुसऱ्या बाजूस नंतर कोरलेले सेंटिमीटर आढळले, तर एका पिढीने दोन हिशेब कसे सांभाळले, हे त्या पट्टीवरून वाचता येते.

जतन व पुनरुज्जीवन

जुनी पेटी मिळताच ती चकाचक करण्याचा मोह होतो. ग्राइंडर, सँडपेपर, ॲसिड व वॉर्निश यांनी एका दिवसात वस्तू नवी दिसू लागते, आणि तिच्यावरील नोंदी कायमच्या पुसल्या जातात. जतनशास्त्राची दोन मूलतत्त्वे येथे मार्गदर्शक ठरतात. हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि केलेला उपचार पुढे काढून टाकता यावा.

लोखंडावरील सर्व गंज सारखा नसतो. घट्ट, काळसर-तपकिरी थर बहुधा स्थिर असतो व आतील धातूचे काही प्रमाणात रक्षण करतो. नारिंगी, भुसभुशीत, पापुद्रे सुटणारा गंज सक्रिय असतो. दुसरा गंज मऊ ब्रशने किंवा अतिबारीक स्टील वूलने, थोड्या हलक्या तेलाच्या साहाय्याने हळुवार काढावा व पहिला राहू द्यावा. छाप वा कोरीव अक्षरे असतील तेथे अधिक सावधगिरी हवी. टॅनिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने लोखंडावर निळसर-काळा स्थिर थर तयार होतो. हे रसायन या भूमीला अपरिचित नाही. हिरड्यातील टॅनिन व लोहक्षार यांपासून काळी शाई व रंग बनविण्याची जुनी रीत याच क्रियेवर आधारलेली होती. तथापि घरगुती काढ्याची तीव्रता निश्चित नसते, म्हणून शुद्ध रसायन मोजून वापरावे आणि प्रथम बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर तपासावे.

धारेच्या हत्यारांबाबत एक धोका वेगळा नोंदविला पाहिजे. लोहार हत्यार तापवून पाण्यात बुडवितो व त्याला ‘पाणी देतो’. त्यानंतर सौम्य उष्णतेने कडकपणा बेताचा करतो. पोलाद सुमारे २२०–२३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे व ३०० अंशांच्या आसपास निळे दिसते. ग्राइंडरवर धरलेली पटाशी निळी पडली म्हणजे तिचे पाणी उतरले. लोहाराच्या कौशल्याचा पुरावाच त्या क्षणी नाहीसा होतो. गंज काढण्यासाठी हत्यार भट्टीत घालणेही याच कारणाने वर्ज्य मानावे.

संरक्षक लेप म्हणून सूक्ष्मस्फटिकी मेण संग्रहालयांत मान्यता पावले आहे. खोबरेल वा गोडे तेल खवट होते व धूळ धरते. जवसाचे तेल लातूर भागात सहज मिळते. ते वाळून पातळ पापुद्रा धरते, म्हणून लाकडी दांड्यांना पूर्वीपासून लावले जाई. परंतु ते वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी ढीग करून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलेली फडकी पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत, ही सूचना प्रत्येक कार्यशाळेत लिहून लावली पाहिजे.

मराठवाड्यातील हवामान लाकडाची कसोटी पाहते. मे महिन्यातील कोरडेपणा आणि श्रावणातील दमटपणा यांमुळे फळ्या आकसतात व फुगतात. सैल झालेले सांधे खिळे ठोकून घट्ट केल्यास पुढील हंगामात फळी तडकते. पेटी जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर, ऊन न लागणाऱ्या जागी ठेवणे हाच पहिला उपचार होय. वाळवी व भुंगेरे यांची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करावी. धोकटीसारख्या चामडी वस्तूंना तेल पाजू नये. आत धुतलेले सुती कापड भरून आकार टिकवावा. पितळी भागांना चिंच-मीठ लावून चमकविण्याची सवय टाळावी, कारण प्रत्येक घासण्यात धातूचा थर आणि कोरलेले नाव थोडे थोडे झिजते. रंगविलेल्या पत्र्याच्या पेट्यांत जुन्या रंगातील शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये आले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासणे आरोग्यास घातक आहे. तो रंग आणि त्यावरील नाव हे दोन्ही जसेच्या तसे ठेवणे अधिक श्रेयस्कर.

प्रतिष्ठा, जात व संमती

हत्यारांच्या संकलनाचा विचार केवळ सौंदर्याच्या व तंत्राच्या अंगाने करणे अपुरे ठरेल. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशील येतात, त्यांवरून कारागीर सुगीच्या वेळच्या धान्याच्या वाट्यावर कसा अवलंबून होता, हे स्पष्ट होते. हत्यार हे कौशल्याचे साधन होते, तसेच जन्माने लादलेल्या कामाचे चिन्हही होते. एखाद्या शिक्षित तरुणाने आजोबांची रापी किंवा धोकटी घरातून काढून टाकली असेल, तर त्यामागे अज्ञान असेलच असे नाही. तो मुक्तीचा निर्णयही असू शकतो. त्या निर्णयाचा मान राखूनच संकलकाने दार वाजवावे.

म्हणून वस्तू स्वीकारताना कुटुंबाची लेखी संमती घ्यावी. नाव जाहीर करावे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. वर्णनपत्रावर ‘अमुक जातीचे हत्यार’ असे लिहिण्याऐवजी काम, गाव, काळ आणि परवानगी असल्यास कारागिराचे नाव लिहावे. आजवरच्या संग्रहांत वस्तू वापरणाऱ्या धनिकांची नावे टिकली, घडविणाऱ्यांची बहुधा टिकली नाहीत. ही उणीव हत्यारपेटीच्या निमित्ताने काही अंशी भरून काढता येईल.

स्त्रियांच्या श्रमाची नोंदही येथे निसटते. घिसाडी कुटुंबात ऐरणीवर घण मारणारी बहुधा स्त्री असते. भाता हलविणे, कुंभाराची माती मळणे, विणकरासाठी सूत उकलणे ही कामेही घरातील स्त्रियांनी केली. पेटी मात्र पुरुषाची म्हणून ओळखली गेली. प्रत्येक हत्यारासाठी ‘हे कोण वापरीत असे?’ हा प्रश्न घरातील स्त्रियांनाही विचारला, तर नोंदीचे चित्र पालटेल.

महाविद्यालयांची भूमिका

हे काम एका विद्याशाखेचे नाही. रसायनशास्त्र विभाग गंज व लेप यांचा, पदार्थविज्ञान विभाग धातूच्या कठीणपणाचा, वनस्पतिशास्त्र विभाग लाकडाच्या जातींचा अभ्यास करू शकतो. मराठी, हिंदी व उर्दू विभागांना हत्यारांच्या नावांचा कोश हा स्वतंत्र विषय आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या शब्दकोशात कारागिरांचे अनेक शब्द आहेत. त्यांपैकी कोणते आज बोलले जातात, कोणते लोपले आणि सीमाभागात कोणते नवे आले, याची तुलना एखाद्या पदव्युत्तर प्रकल्पात सहज करता येईल. अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांना व्यवसायबदलाचा मागोवा घेता येईल. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालये ग्रामीण भागात पसरलेली आहेत. त्यांचे अनेक विद्यार्थी कारागीर कुटुंबांतून येतात. त्यांना माहितीचा स्रोत न मानता संशोधनाचे भागीदार मानणे हे या कामाचे पहिले पाऊल ठरावे.

मोठी इमारत ही पूर्वअट नाही. पेटी घरातच ठेवून तिची छायाचित्रे, मापे, हत्यारांची स्थानिक नावे आणि वृद्ध कारागिराचे ध्वनिमुद्रित निवेदन घेतले, तरी मोठा दस्तऐवज तयार होतो. वस्तू महाविद्यालयात आणल्यास प्रत्येकीला सुती दोऱ्याने क्रमांक बांधावा, लाकडावर वा धातूवर काही लिहू नये. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा लागू होतो. अशा वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत, याचीही जाणीव असावी.

निष्कर्ष

१) हत्यारपेटीचे मोल तिच्यातील वस्तूंच्या एकत्र असण्यात आहे. सुंदर हत्यार निवडून बाकीची सोडणे म्हणजे पुस्तकातील चित्रे कापून घेण्यासारखे आहे.
२) झीज, दुरुस्ती, हळदकुंकवाचे थर व रंगविलेली नावे हे दोष नसून पुरावे आहेत. जतन करताना ते राखले पाहिजेत.
३) संकलनापूर्वी कुटुंबाची संमती आणि कारागिराच्या प्रतिष्ठेचा विचार अनिवार्य आहे.
४) हत्यारासोबत त्याचे स्थानिक नाव व वापरण्याची रीत नोंदविली नाही, तर वस्तू टिकूनही ज्ञान हरवते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण घराघरात ठाऊक आहे. देवाची मूर्ती गाभाऱ्यात बसते व तिची पूजा होते. टाकी मात्र पाथरवटाच्या पिशवीत झिजत राहते आणि शेवटी वजनाने विकली जाते. नांदेड–लातूरच्या गावांत अशा टाक्या, वाकसी आणि धोकट्या आजही कोनाड्यांत, माळ्यावर पडून आहेत. त्यांची नावे सांगणारी माणसे मात्र ऐंशीच्या घरात पोचली आहेत. म्हणून आधी त्या माणसांचे ऐकून घ्यावे. गंज काढण्याचे काम नंतरही करता येईल.